इ. स. १९५६ चे दोन ग्रंथ

पुणें शहरांतील आमच्या पहिल्या देवळाची जागा परधर्मीय राज्यकर्त्यानें दिलेली आहे, हें आमच्या वडीलधाऱ्यांस तोंडपाठ असतें. पेशव्यांच्या फौजेंत गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई होते; त्यांच्या उपासनेसाठीं सवाई माधवराव पेशव्यांनीं इ. स. १७९२ मध्यें जमीन दिली, आणि तेथें पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचें देऊळ, म्हणजे आजचें क्वार्टर गेटजवळील सिटी चर्च, उभें राहिलें. ज्युबिलीच्या प्रसंगीं या दानाची आठवण निघते, व निघावीच. परंतु जमीन देणें राजास फारसें जड जात नाहीं. एकमेकांचे शब्द देणें-घेणें हें त्याहून अवघड. त्या व्यवहाराचीही एक हकीकत या शहराशीं निगडित आहे. ती क्वचितच कोणी सांगतो, म्हणून येथें नमूद करितों.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशुसंघीय धर्मगुरु १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरले व १६१९ मध्यें तेथेंच वारले. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पहिल्या पुराणांत जुना करार, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. ओव्या जवळजवळ अकरा हजार. ग्रंथाच्या आरंभींच एक नवा ख्रिस्ती पाद्रीबाबांस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरीं कां देत नाहीं? हा प्रश्न वाचतांना आम्हांस दर वेळीं थबकावें लागतें. साष्टींतील देवळें १५६७ मध्यें पाडण्यांत आलीं होतीं. ज्याच्या घरांतून कथा, ओवी, श्रवण हें सारें गेलें, त्याची ती भूक होती. स्टीफन्स यांनीं ती ओळखली. ज्ञानोबा-एकनाथांची ओवी त्यांनीं उचलली, स्वर्गास वैकुंठ म्हटलें, आणि मराठीची मनमोकळी स्तुति केली. त्यांचा हेतु उघड होता: श्रोत्यांस ख्रिस्ताकडे आणावें. तो झांकून त्यांस आजच्या अर्थानें सर्वधर्मसमभावी ठरविणें अप्रामाणिकपणाचें होईल. तरीपण दुसऱ्याच्या भाषेचें ऋण त्यांनीं मान्य केलें, आणि हें त्या काळीं थोडें नव्हतें.

पुढें १६४९ व १६५४ मध्यें ग्रंथ पुन्हां निघाला. मग १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. ख्रिस्ती सरकारानेंच ख्रिस्ती पुराणाच्या श्रोत्यांची जीभ बांधली! नंतरची छापील आवृत्ति एकदम १९०७ ची, मंगळूरची, जोसेफ सालढाणा यांची. तीही रोमन लिपींतच. देशावरील मराठी वाचकास हा मराठी ग्रंथ केवळ लिपीमुळें परका राहिला.

तो त्याच्या हातीं दिला पुण्यानें. इ. स. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली नागरी लिपींतील आवृत्ति प्रसाद प्रकाशनानें काढली. हें प्रकाशन 'वहिनींच्या बांगड्या' लिहिणाऱ्या य. गो. जोशी यांचें, त्यांचें 'प्रसाद' मासिक हिंदु घरांत भाविकपणें वाचलें जाई. जें पुराण आम्हां ख्रिस्ती लोकांस साडेतीनशें वर्षांत नागरींत छापतां आलें नाहीं, तें या छापखान्याच्या मार्गानें आलें.

आतां त्याच वर्षीं पॅरिस येथें काय झालें तें पहावें. गाय देल्युरी या येशुसंघीय फ्रेंच धर्मगुरूंनीं केलेलें तुकोबांच्या अभंगांचें फ्रेंच भाषांतर गालिमार या प्रकाशनसंस्थेनें १९५६ मध्येंच प्रसिद्ध केलें. देल्युरी यांनीं मराठीचा अभ्यास केला होता, वारकऱ्यांबरोबर ते पंढरीच्या वाटेनें पायीं चालले होते. विठोबाच्या उपासनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६० मध्यें छापला. एकीकडे स्टीफन्स नागरींत, दुसरीकडे तुकोबा फ्रेंचांत, आणि साल एक. आम्ही यास योगायोगच मानतों. परंतु असे योग जमीन आधीं नांगरलेली असल्याखेरीज येत नाहींत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचें ख्रिस्तेतर धर्मांविषयींचें निवेदन २८ आक्टोबर १९६५ चें, म्हणजे नऊ वर्षांनंतरचें आहे. पुढें जर्मन येशुसंघीय मॅथ्यू लेडर्ले यांनीं शनिवार पेठेंत 'स्नेहसदन' उभारलें, तेव्हां निदान वाट मळलेली होती.

अशा वाचनानें श्रद्धा सैल पडेल, अशी शंका आमच्या कानीं आली आहे, आणि ती विचारणारे लोक भाविक आहेत. त्यांस आमचें म्हणणें एवढेंच कीं, स्टीफन्स यांनीं ओवी घेतली म्हणून त्यांचा ख्रिस्त लहान झाला नाहीं. तुकोबांची देवावांचूनची तळमळ वाचून ज्यास आपली प्रार्थना कोरडी वाटूं लागेल, त्याचें आम्ही नुकसान समजत नाहीं. दोघांच्या शिकवणींत भेद आहेत, मोठे आहेत, व ते झांकण्याची गरज नाहीं.

लंडन येथें ख्रिस्तपुराणाचें नागरी लिपींतील एक हस्तलिखितही आहे. महिपतींनीं लिहिलेलें तुकोबांचें चरित्र इंग्रजींत नेणाऱ्या जस्टिन ॲबट यांनीं तें उजेडांत आणलें. छापील प्रतींतील पोर्तुगीज शब्दांच्या जागीं त्यांत ठिकठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. सलेशियन संघाचे फादर नेल्सन फालकांव यांनीं २००९ मध्यें तें छापून काढलें.

आमच्या धर्मग्रामाच्या कपाटांत ख्रिस्तपुराण व तुकोबांची गाथा शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. किल्ली देवळाच्या सेवेकऱ्याकडे मिळेल. उपवासकाळांत दुसऱ्या पुराणांतील दुःखसहनाचा भाग मोठ्यानें वाचण्यास तीन-चार स्पष्ट आवाजाचीं माणसें हवीं आहेत.