जलालपूरच्या मनूचे सोवळे

नाशिकच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण पडत नाही. १८३२ साली चर्च मिशनरी सोसायटीने येथे कार्यास आरंभ केला. शतकाच्या मध्यास शरणपूरची वसाहत उभी राहिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले तेथे शिकली, आणि त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट हा १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांमध्ये होता. आम्हां कॅथोलिकांचा नाशिक धर्मप्रांत त्या मानाने अलीकडचा, १९८७ सालचा. या साऱ्याचे अहवाल आहेत, पत्रव्यवहार आहे, हिशोबाच्या वह्या आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या तर आहेतच. त्यांत नाव सापडते, आईबापांचे नाव सापडते, धर्ममातापित्यांची नावे आणि तारीख सापडते. त्या दिवशी घरी परतल्यावर पाणी कोणी भरले, कोणाच्या हातचे कोण जेवले आणि कोण उपाशी निजले, हे मात्र कोणत्याही रकान्यात सापडत नाही. आमच्या मते धर्मांतराचा निम्मा इतिहास तेथेच घडतो.

या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. येथल्याच एका स्त्रीने तो निम्मा इतिहास स्वतःच्या हाताने लिहून ठेवला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाला. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान काय आहे हे वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु तो बहुधा रेव्हरंड टिळकांच्या चरित्रासाठी किंवा बाईंच्या निर्व्याज विनोदासाठी वाचला जातो. आम्ही येथे त्यातील चूल आणि घागर यांच्याकडे पाहणार आहोत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, घरात मनू. जलालपूर हे नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी वसलेले लहानसे गाव. आज त्याच्या वरच्या अंगाला गंगापूरचे धरण आहे. तेव्हा नदी मोकळी होती आणि गावातील लोक तिला, आजही म्हणतात तसेच, गंगा म्हणत. गोखल्यांच्या घरावर एक काळी सावली होती. मनूच्या मातामहांना १८५७ च्या बंडात फाशी झाली होती. त्या आघाताचा परिणाम मनूच्या वडिलांवर, म्हणजे नाना गोखल्यांवर, फार विलक्षण झाला. साऱ्या जगाला विटाळ झाला आहे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि उरलेले आयुष्य तो धुऊन काढण्यात त्यांनी घालविले. घरात येणारा प्रत्येक जिन्नस धुतला जाई. धान्य धुणे आपण समजू शकतो. येथे मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेतली जात असे. मीठ धुतले की त्याचे काय होते, हे ज्याने कधी चुलीपुढे काम केले आहे त्याला सांगावयास नको.

हा विक्षिप्तपणा खराच, पण तो आकाशातून पडलेला नव्हता. त्या काळच्या कोणत्याही ब्राह्मण घरातील मुलीचा दिवस याच नियमांनी बांधलेला असे. नानांनी ते फक्त टोकाला नेले. पहाटे जात्यावर दळण. नंतर नदीवर स्नान, आणि ओलेत्याने भरून आणलेली घागर. तिला वाटेत कोणाचा स्पर्श झाला तर पुन्हा नदीवर. स्वयंपाकाचे सोवळे आदल्या दिवशी उंच काठीवर, कोणाचा हात पोहोचणार नाही असे वाळत घातलेले. शिजलेला भात खरकटा, भाजलेले धान्य चालते, दूध-तुपाचे नियम आणखी वेगळे. महिन्यातील चार दिवस बाईने बाजूला बसावयाचे. हे सारे शास्त्र मुलगी पोथीतून शिकत नसे. आईच्या हालचालींकडे पाहून, एखादा धपाटा खाऊन शिकत असे. आणि तरीही बालपण ते बालपणच. सागरगोटे, भोंडला, नागपंचमीचा झोका, नदीचे वाळवंट हे सर्व त्या मुलींच्या वाट्याला येई. किंबहुना घराबाहेरच्या वाऱ्यालाच तेवढे कोणी धुऊन घेत नसे. मनूची अक्षरओळख मात्र झाली नाही. शाळा हा तिच्या वाट्याचा विषय नव्हता.

१८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. पती अठरा-एकोणीस वर्षांचा, नाशिकात संस्कृत शिकलेला, कवी, वक्ता, आणि कोणत्या दिवशी उठून कोठे जाईल याचा नेम नसलेला. सासरे करडे. या संसाराच्या ओढाताणीची हकीकत बाईंनीच सांगावी. आमच्या गद्यात ती उतरणार नाही. आमच्या विषयापुरते एवढे पुरे की, याच भटक्या पतीने तिला वाचावयास शिकविले. हे ऋण तिने पुढे व्याजासह फेडले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी तेथे नव्हती. मुलगा दत्तू चार वर्षांचाही झाला नव्हता. टिळकांच्या धर्मांतराचा मार्ग आपल्याला ठाऊक आहे: आगगाडीतील एका अनोळखी प्रवाशाने दिलेला नवा करार, चिंतन, वादविवाद, आणि तुकोबांचा पूल ओलांडून ख्रिस्ताच्या चरणी आगमन. तो मार्ग पुस्तकांतून आणि काव्यातून गेला. लक्ष्मीबाईंपुढे प्रश्न वेगळाच होता. ख्रिस्त देव आहे की नाही याचा विचार करण्याआधी त्यांना ठरवावयाचे होते की, ज्या माणसाशी लग्न झाले त्याच्या हातचे पाणी प्यावयाचे की नाही.

येथे कायद्याची एक गोष्ट नमूद करणे इष्ट. १८६६ च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्मांतरित व्यक्तीला अशी मुभा होती की, जोडीदार नांदावयास तयार नसेल तर ठराविक मुदतीनंतर न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळवावा. आमच्या धर्मशास्त्रातही, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायावर आधारलेली, तत्सम तरतूद आहे. पाठशाळेत आम्ही तिचा अभ्यास परीक्षेपुरता केला होता. टिळकांनी असले काही केले नाही. ते थांबले. सुमारे पाच वर्षे पती-पत्नी दूर राहिली. लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने नाशिकास, पंढरपुरास राहिल्या. विधवा नाही आणि सवाष्णीचा मानही धड नाही, अशी ती अवस्था. शुभकार्यात कुंकवाचे बोट पुढे करताना यजमानीण क्षणभर थबकत असेल, तो क्षण आम्हांला धर्मचर्चेच्या अनेक पानांपेक्षा जड वाटतो.

अखेर त्या अहमदनगरास टिळकांकडे आल्या. परंतु आल्या त्या आपले सोवळे घेऊन. त्यांचे पाणी वेगळे, त्यांची चूल वेगळी. ज्या मिशनच्या आवारात नवरा प्रवचन करतो तेथेच बायको त्याच्या स्पर्शाचे पाणी टाळते, ही विसंगती बाहेरच्यांना हास्यास्पद वाटली असणार. आम्हांला ती तशी वाटत नाही. जिच्या घरी मीठ धुतले गेले तिच्यासाठी सोवळे ही केवळ रूढी नव्हती. ती आईची आठवण होती, बापाची वेदना होती, आणि सारे निसटत असताना हाती राहिलेली एकमेव मालमत्ता होती. टिळकांनी ती हिसकावून घेतली नाही, हे त्यांच्या साऱ्या अभंगांइतकेच मोलाचे आहे.

मग एके दिवशी विचारांची साखळी आतूनच सुरू झाली. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांच्या जातींप्रमाणे त्या शरीरावर दिसल्या नसत्या का? कोणा मिशनऱ्याच्या उपदेशातून हे आले नाही. प्रश्न बाईंचा, उत्तरही बाईंचे. उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खावयाचे असे त्यांनी ठरविले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. क्रम ध्यानात घ्यावा: आधी घास, मग संस्कार.

प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय येथे आठवल्यावाचून राहत नाही. यापो गावी संत पेत्र माडीवर प्रार्थनेला गेला, त्याला भूक लागली, खाली स्वयंपाक चालला होता, आणि आकाशातून चादरीसारखे काही उतरले. त्यात सर्व प्रकारचे प्राणी होते, शुद्ध आणि अशुद्ध. तीनदा आज्ञा झाली, तीनदा तो कचरला. त्यानंतरच तो कर्नेल्याच्या उंबरठ्याच्या आत गेला. पेत्र त्या वेळी ज्याच्या घरी उतरला होता तो सिमोन चामड्याचा धंदा करणारा होता, हा तपशील आम्ही प्रवचनात सहसा सांगत नाही, सांगावयास हवा. आणि हाच पेत्र पुढे अंत्युखियात लोकलज्जेस्तव परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा संत पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. प्रेषितांच्या प्रमुखाला जे दोनदा शिकावे लागले, त्यासाठी जलालपूरच्या मनूने पाच-सहा वर्षे घेतली यात नवल ते काय?

आमच्या ख्रिस्तसभेने या चुलीशी कसा व्यवहार केला, त्याची साक्ष दोन टोकांची आहे. मदुरेत रॉबर्ट दी नोबिली या येशूसंघीय धर्मगुरूने १६०६ नंतर संन्याशाचा वेष घेतला, मांसाहार वर्ज्य केला, ब्राह्मण आचारी ठेवला. वाद रोमपर्यंत गेला आणि १६२३ साली पंधराव्या ग्रेगरी परमगुरूंनी जानवे, शेंडी, गंध, स्नान यांना अंधश्रद्धेचा भाग वगळून मोकळीक दिली. मुळावर मात्र घाव पडला नाही. जातीची भिंत तशीच राहिली. दुसरे टोक गोव्याचे. तेथील धर्मन्यायसभेने १७३६ साली जाहीरनामा काढून नवख्रिस्ती घरांतील हिंदू रीतींची लांबलचक यादी निषिद्ध ठरविली, आणि त्या यादीत भात मीठ न घालता शिजविणे हाही गुन्हा होता! एका घरी मीठ धुण्याची सक्ती, दुसऱ्या घरी मीठ घालण्याची. भाताच्या तपेल्यात डोकावून श्रद्धा मोजण्याचा हा उद्योग आमच्याच ज्येष्ठांनी केला, हे लिहिताना लेखणी जड होते. पण लिहिले पाहिजे. अहमदनगरास तसे झाले नाही, म्हणून ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली.

पुढे त्या घराचा स्वयंपाक कोणासाठी रांधला जाई याची गणती नाही. टिळक हातचे देऊन टाकणारे, आणि येईल तो पाहुणा. अनाथ मुले आली आणि घरची झाली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे हा पोरसवदा कवी आला. बालकवी म्हणून आपण त्याला ओळखतो. टिळक दांपत्याने त्याला पोटच्या पोराप्रमाणे वागविले. प्लेगच्या छावणीत बाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. ज्यांच्या सावलीसाठी जलालपुरास पुन्हा स्नान करावे लागले असते, त्यांच्या तोंडी त्या हातांनी पाणी घातले.

आम्हांला हे वर्तमानाशी जोडण्याचा मोह होतो, तो थोडक्यात आवरतो. ‘स्मृतिचित्रे’ छापली जात होती त्या वर्षांत याच जिल्ह्यात हा प्रश्न रस्त्यावर आला होता. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. पाणी कोणाचे, हाच प्रश्न. ख्रिस्ती समाजातही लग्न जुळविताना जात विचारली जाते, हे कोणा धर्मगुरूला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. शोमरोनी स्त्रीकडे प्रभूने पाणी मागितले तेव्हा भांड्याचाच प्रश्न आडवा आला होता. ते वाचन आम्ही उपवासकाळात दर तीन वर्षांनी करतो.

लक्ष्मीबाईंनी सोवळे टाकले. स्वयंपाक टाकला नाही, आणि त्यासोबत येणारे बोलणेही टाकले नाही. करंज्या करताना त्यांत एखादा मोदक करावयाचा, ही आपल्याकडील बायकांची जुनी रीत. ‘करंज्यांतील मोदक’ ही बाईंची कविता त्या रीतीवरूनच आली. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम आरंभीच्या अध्यायांपर्यंत पोहोचले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. लग्नानंतर बाराखडी शिकलेली ती बाई साठीच्या आसपास, दत्तूच्या संसारात, नातवंडांच्या गलबल्यात हे अध्याय जुळवीत असे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, जलालपूरपासून काही मैलांवर, नाशिक येथे त्यांचे निधन झाले.