वाचेचे स्थान आणि कवटीचे माप

मज्झिम निकायातील चूळवेदल्ल सुत्तात विशाख उपासक धम्मदिन्ना थेरीस विचारतो की, वाणीचे संस्कार कोणते? थेरी सांगते की, मनुष्य आधी वितर्क व विचार करतो आणि मग वाचा फोडतो. म्हणून वितर्क व विचार हेच वचीसंखार होत. बोलणे ही केवळ ओठांची व जिभेची क्रिया नसून तिच्यामागे आणखी काही घडते, एवढे या संवादातून स्पष्ट होते. ते शरीरात नेमके कोठे घडते, हा मात्र सुत्ताचा विषय नाही. विज्ञानाचे सर्व शोध तिपिटकात आधीच आले होते, असे म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, तिला आमची संमती नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथे सापडू लागले. परंतु ज्या सभेत ते सापडले, त्याच सभेत माणसांच्या कवट्या मोजून त्यांची प्रतवारी लावण्याचाही उद्योग चालू होता. आणि त्या मोजमापाची परंपरा पुढे आपल्या देशातील जातींपर्यंत येऊन पोहोचली. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज हा इतिहास पुरता समजत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

१८६१ ची सभा

फ्रान्झ योझेफ गाल (१७५८–१८२८) या वैद्याने प्रथम असे मांडले की, मनाच्या निरनिराळ्या शक्तींची मेंदूत निरनिराळी स्थाने आहेत आणि वाचेचे स्थान डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या पुढल्या भागात आहे. कवटीवरील उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगण्याचे त्याचे 'शास्त्र' पुढे खोटे ठरले. परंतु मूळ प्रश्न शिल्लक राहिला. बुयो या फ्रेंच वैद्याने १८२५ पासून वाचेचे स्थान पुढल्या भागातच आहे, असा आग्रह धरला.

पॉल ब्रोका (१८२४–१८८०) या शल्यवैद्याने १८५९ मध्ये पॅरिसची मानवशास्त्र परिषद स्थापन केली. १८६१ च्या आरंभी तेथे एक वाद रंगला होता : मेंदूच्या आकारमानाचा बुद्धीशी संबंध आहे काय? ग्रातिओले या शरीरशास्त्रज्ञाचे म्हणणे, नाही. ब्रोकाचे म्हणणे, आहे. एवढेच नव्हे, तर वंशावंशांतील उच्चनीचताही त्यावरून दिसते. या वादाच्या ओघात बुयोचा जावई ओबुर्तें याने वाचेच्या स्थानाचा मुद्दा पुढे आणला. तो एप्रिल महिना होता.

लबोर्ञ नावाचा माणूस

त्याच महिन्याच्या ११ तारखेस बिसेत्र येथील रुग्णालयात ब्रोकाच्या कक्षात एक रुग्ण आला. त्याच्या पायाला गंभीर संसर्ग झाला होता. तो त्या रुग्णालयात एकवीस वर्षे राहत होता आणि काहीही विचारले तरी 'तान, तान' एवढेच बोलत असे. त्यामुळे सर्व लोक त्यास 'तान' म्हणूनच ओळखत. त्याचे खरे नाव लुई व्हिक्टर लबोर्ञ. जोडे करणाऱ्या कारागिरांसाठी लाकडी साचे घडविणे हा त्याचा व्यवसाय. तारुण्यापासून त्यास अपस्माराचे झटके येत. वैद्यकाच्या ग्रंथांतून तो दीडशे वर्षे बहुधा 'तान' म्हणूनच वावरला. त्याचे पूर्ण नाव व कुलवृत्तांत २०१३ मध्ये प्रकाशात आला. ज्या माणसामुळे विज्ञानास वाचेचे स्थान कळले, त्याला स्वतःचे नाव परत मिळावयास इतका काळ लागावा, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते.

लबोर्ञला बोलता येत नव्हते. परंतु त्यास समजत नव्हते असे नाही. येथे किती वर्षे आहात, असे विचारताच त्याने पंजा चार वेळा उघडून दाखविला आणि नंतर एक बोट. हिशेब अचूक होता. समोरच्यास आपले म्हणणे कळले नाही म्हणजे तो संतापे, आणि त्या संतापात मात्र एखादी शिवी त्याच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडे. म्हणजे जीभ शाबूत, समजही बरीचशी शाबूत. गेली होती ती विचारास शब्दांत बांधण्याची शक्ती. १७ एप्रिल रोजी तो मरण पावला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू परिषदेपुढे ठेवला. डाव्या बाजूच्या ललाटखंडातील तिसऱ्या वळणाच्या ठिकाणी मोठा क्षय झाला होता. त्याच वर्षी लेलों नावाच्या, मोजकेच शब्द उरलेल्या एका वृद्धाच्या मेंदूत जवळपास तेथेच इजा आढळली. १८६५ पर्यंत ब्रोकाची खात्री झाली की, आपण बोलतो ते मेंदूच्या डाव्या अर्ध्याने.

स्थानाकडून जाळ्याकडे

१८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन वैद्याने उलट प्रकारचे रुग्ण वर्णिले. त्यांची जीभ थांबत नसे, वाक्ये ओघाने येत. पण त्यांत अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांस उमगत नसे. त्यांची इजा कानाच्या बाजूस, डाव्या शंखखंडाच्या मागील भागात होती. व्हेर्निकेने त्यावरून सांगितले की, ऐकलेल्या शब्दांच्या ध्वनिप्रतिमा मागे साठतात, उच्चाराची जुळवाजुळव पुढे होते आणि या दोहोंना जोडणारे तंतू असतात. तंतूच तुटले, तर माणूस समजेल, बोलेल, पण ऐकलेला शब्द त्यास जसाच्या तसा म्हणता येणार नाही. असे रुग्ण पुढे खरोखरच आढळले.

आज हे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले आहे. ब्रोकाने लबोर्ञचा मेंदू न कापता जपून ठेवला होता. २००७ मध्ये चुंबकीय प्रतिमांनी तो तपासला असता इजा खूप खोलवर, जोडतंतूंपर्यंत गेलेली दिसली. म्हणजे वाचा एका ठिकाणी बसलेली नाही. पुढचे व मागचे भाग मिळून तिचे एक जाळे आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले की, हातांच्या खुणांची भाषा बोलणाऱ्या बहिऱ्या माणसांच्या डाव्या अर्ध्यास इजा झाली, तर त्यांची खुणांची भाषाच बिघडते. तेव्हा हे जाळे ध्वनीचे नसून भाषेचे आहे. २०२२ मध्ये बारा भाषाकुळांतील ४५ भाषांच्या भाषकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत हिंदी व तमिळ याही होत्या. जाळे सर्वत्र मूलतः तेच आढळले.

मोजपट्टी भारतात

आता दुसरी बाजू. लबोर्ञचा मेंदू पाहणाऱ्या ब्रोकानेच १८७२ मध्ये नासिकानिर्देशांक, म्हणजे नाकाच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण, वंश ओळखण्याचे साधन म्हणून रूढ केला. त्याचा शिष्य तोपिनार याच्या पद्धतीचा आधार घेऊन हर्बर्ट रिस्ली याने बंगाल इलाख्यात माणसे मोजली आणि १८९१ मध्ये असा निष्कर्ष काढला की, जात जितकी उच्च, तितके नाक अरुंद. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हाच रिस्ली होता.

या मोजपट्टीस तिच्याच आकड्यांनी उत्तर दिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात, वंशभेदातून अस्पृश्यता निर्माण झाली हे मत खोडून काढताना, त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील ब्राह्मण व अस्पृश्य यांचे नासिकानिर्देशांक शेजारी शेजारी मांडले आणि दाखवून दिले की, मानवमिती हे शास्त्र विश्वसनीय मानले, तर दोघेही एकाच वंशाचे ठरतात. 'मानले तर' या शब्दांतील सावधपणा अभ्यासकांनी लक्षात घ्यावा. बाबासाहेबांनी मोजपट्टीवर श्रद्धा ठेवली नाही. प्रतिपक्षाची मोजपट्टी प्रतिपक्षावरच लावली.

ब्रोका दुष्ट मनुष्य नव्हता. प्रजासत्ताकाचा तो पुरस्कर्ता होता. मग एकाच माणसाच्या हातून हे दोन परिणाम का व्हावेत? आमचे उत्तर असे की, लबोर्ञपुढे तो प्रश्न घेऊन गेला आणि त्या माणसाच्या पंजाने दिलेले उत्तर त्याने ऐकून घेतले. कवट्यांपुढे तो उत्तर आधीच ठरवून गेला होता. माप फक्त पुरावा म्हणून हवे होते.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की, तृण, कीटक, पशुपक्षी यांच्यात जातिजातींची चिन्हे भिन्न असतात, तशी माणसांत नाहीत. आणि तेथे अवयवांची जी यादी येते, तीत डोके आहे आणि नाकही आहे. माणसामाणसांतील भेद हा केवळ व्यवहारातील नावांचा होय, असा त्याचा निर्णय आहे. हे मेंदूविज्ञान नव्हे आणि तसा दावा आम्ही करीत नाही. ती पाहण्याची रीत आहे : आधी पाहावे, मग म्हणावे. ज्या आजोबा-पणजोबांची नाके मोजून त्यांस खालच्या पायरीवर बसविले, त्यांच्या मस्तकातही वाचेचे तेच जाळे होते, जे मोजणाऱ्याच्या मस्तकात होते. त्यांस बोलू दिले गेले नाही, हा मेंदूचा दोष नव्हता.