एका गिअरची सायकल

आमच्या राजुऱ्याने एका पिढीच्या आत तीन जिल्हे पाहिले. निजामाच्या राज्यात तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झालं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तालुका नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. राज्य बदललं, दप्तराची भाषा बदलली. रस्त्यावरची काळी, उंच, एका गिअरची सायकल मात्र तशीच राहिली. कागद कारखान्याच्या, कोळसा खाणीच्या पाळीला माणूस तिच्यावरून गेला आणि बाजाराचं ओझंही तिनेच वाहिलं.

या सायकलीचा घाट १८८५ चा. त्याआधी पेडल थेट पुढच्या चाकालाच असे. वेग हवा तर चाक मोठं करावं लागे आणि स्वार माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर बसे. पडला की तोंडावरच. इंग्लंडातल्या कोव्हेंट्री गावच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी मागच्या चाकाला चेन जोडली. मोठ्या चाकाचं काम दातांनी केलं, दोन्ही चाकं जवळपास सारखी झाली आणि स्वार खाली आला. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचं टायर आणलं. पुढे चौकटीचा जो आकार ठरला, तो आजवर फारसा हललेला नाही.

आपल्याकडे आधी विलायती सायकली आल्या. नंतर मुंबईत हिंद सायकल्स, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो उभी राहिली. नगरपालिकेला कर भरून मिळालेला बिल्ला सायकलीला लावण्याचा काळ अनेकांना आठवत असेल.

ही सायकल दुकानात सुटीच येते. फ्रेम, चिमटा, रिम, स्पोक, छर्रे, चेन. मिस्त्री ती जोडतो, चाकाचा आऊट काढतो, मागचा एक्सल खाचेत सरकवून चेन ताणतो. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात २८ इंची चाक सुमारे साडेपाच मीटर जातं. सपाट रस्त्याला हे प्रमाण उत्तम. माणिकगडच्या डोंगराचा चढ लागला की उतरून ढकलायची. फ्रेम चिरली तर गॅसवर पितळ भरून घ्यायचं. अगदीच गेली तर नवी फ्रेम घेऊन जुनी चाकं, जुनं हँडल तिच्यावर चढवायचं. शेजारी मग तिला नवी सायकल म्हणत नाहीत.

माझ्या पुतण्याने पुण्यात अशीच एक सायकल जोडली, फक्त फ्रेम टायटॅनियमची. डोंगरवाटांवर चालवायची आणि तरी एकच गिअर! मला गंमत वाटली, पण त्या सायकलीचं मूळ शोधलं तर ते आपल्याच सायकलीच्या जवळ निघालं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकलींवरून उतार उतरण्याच्या शर्यती लावू लागले. त्यातल्या बऱ्याच सायकली एका गिअरच्या, पेडल मागे दाबून थांबवायच्या. खाली पोचेपर्यंत ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे, म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. जुन्या फ्रेम टिकेनात, तेव्हा १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बनवली. गिअर सर्वत्र आल्यावरही काहींना एकच गिअर हवासा वाटला. चिखलात बिघडायला काही नाही. फक्त दात बदलायचे. पुढे ३२, मागे १८ आणि २६ इंची चाक असेल, तर एका फेऱ्यात ३.७ मीटर. वेग कमी, चढ सोपा.

टायटॅनियम हे मूलद्रव्य १७९१ मध्ये सापडलं. आपल्या रत्नागिरीच्या वाळूतही त्याचं खनिज आहे. धातूची घनता पोलादाच्या सुमारे ५७ टक्के, आणि तो गंजत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मर्लिन कंपनीने त्याच्या डोंगरी सायकली बनवल्या. पण तापल्यावर तो हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि ठिसूळ होतो. म्हणून जोड आर्गन वायूच्या संरक्षणात करावा लागतो. आमच्या मिस्त्रीच्या भट्टीवर तो जुळणार नाही.

माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. वस्तू किती हलकी, किती टिकाऊ, हे आपण विचारतो. ती मोडली तर कुठे नीट होईल, हे विचारत नाही. हौशी स्वाराला टायटॅनियम शोभतं, त्याच्याकडे दुसरी सायकल असते. ज्याची मजुरी एकाच सायकलीवर अवलंबून आहे, त्याला गावात जोडता येणारी जड फ्रेमच परवडते. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, साहिबाबादचा अ‍ॅटलसचा कारखाना बंद झाला. त्या कारखान्याच्या सायकली मात्र गावोगावी अजून धावतात, कारण पितळ भरणारा हात गावात आहे. कारखाना बंद पडूनही सायकल जिवंत राहते. मिस्त्रीचं दुकान बंद पडलं, तर मात्र ती भंगारात जाते. सायकलीचा इतिहास लिहिताना स्टार्ली आणि डनलॉप यांच्या शेजारी त्या हाताचंही नाव लिहायला हवं.