बर्नआउट म्हणजे काय? ऑफिसचा ताण फोनमधून घरी येत असेल तर काय करावं?

माझ्या मागच्या नोकरीत ऑफिसचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. रात्री अकरालाही मेसेज यायचा, "हे सकाळी नऊच्या आत पाहिजे." पुढे पुढे फोन वाजला नाही तरी मी तो सारखा उचलून बघायचो. झोप उडाली, सुट्टीच्या दिवशीही चिडचिड व्हायची. मला वाटायचं, आपणच कमी पडतोय.

बर्नआउट म्हणजे नक्की काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. तिच्यानुसार हा आजार नाही. कामाचा ताण बराच काळ नीट हाताळला गेला नाही की ही अवस्था येते. तिच्या तीन खुणा:

- सतत गळून गेल्यासारखं वाटणं
- कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा
- आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं

ही फक्त आपली जबाबदारी आहे का?

नाही. कारखान्यातल्या मशीनला गार्ड नसेल तर कामगाराला "जरा सांभाळून" एवढंच सांगून भागत नाही, गार्ड बसवावाच लागतो. ताणाचंही तसंच आहे. २०२१ मध्ये आलेलं आयएसओ ४५००३ हे मानक कामाचा अतिबोजा, लांबलेले तास आणि छळ यांना सुरक्षेचे धोके म्हणूनच बघतं. फ्रान्सच्या कायद्यात २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर 'डिस्कनेक्ट' होण्याचा हक्क आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

फोनमध्ये काय करता येईल?

1. व्हॉट्सॲपवर ऑफिसचा ग्रुप म्यूट करून 'ऑलवेज' निवडा. मात्र कोणी तुम्हाला मेन्शन केलं तर नोटिफिकेशन येऊ शकतं.
2. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज → डिजिटल वेलबीइंग → फोकस मोडमध्ये जा. ऑफिसची ॲप्स निवडून वेळ ठरवा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये 'फोकस' आहे.
3. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये घरच्यांचे कॉल चालू ठेवा.

सेटिंग बदलून सुटतं का सगळं?

खरं सांगू? आवाज बंद होतो, काम तेवढंच राहतं. म्हणून मी दोन आठवडे रात्री आलेल्या मेसेजची वेळ लिहून ठेवली आणि ती यादी मॅनेजरना दाखवली. "अर्जंट असेल तर फोन करा, बाकीचं सकाळी बघतो," असं सांगितलं. बोलताना हात थरथरत होते. मेसेज पूर्ण थांबले नाहीत, पण रात्री मला फोन फारच क्वचित आला. म्हणजे बहुतेक कामं अर्जंट नव्हतीच!

त्रास जास्त असेल तर एकटे सहन करू नका. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा. ती मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

हा लेख मित्रांना नक्की पाठवा. ऑफिसच्या ग्रुपवर टाकणार असाल तर सकाळी टाका!