चोपडी आणि माग

व्यवसाय आणि तंत्रज्ञान हे दोन्ही विषय एकत्र शिकविणारी पदवी असावी की नसावी, असा प्रश्न अलीकडे पालकांच्या आणि प्राध्यापकांच्याही बैठकीत वारंवार निघतो. पुष्कळांची समजूत अशी की ही कल्पना परदेशातून आली, संगणकाबरोबर आली आणि पुण्या-मुंबईत रुजली. सोलापूरच्या इतिहासाकडे थोडे निरखून पाहिले म्हणजे मात्र असे दिसते की हा प्रश्न आमच्या गावाला शंभर वर्षांहून जुना आहे. यंत्र जाणणारा एक आणि हिशेब जाणणारा दुसरा, अशी फारकत झाली तेव्हा काय घडले आणि हे दोन्ही एका डोक्यात वा एका घरात नांदले तेव्हा काय घडले, याचे दाखले याच जिल्ह्यात सापडतात. त्यांतले काही येथे मांडावयाचे आहेत.

पहिला दाखला बार्शी लाइट रेल्वेचा. १८६० साली आगगाडी सोलापुरास पोहोचली. परंतु बार्शीसारखी भरभराटीची पेठ लोहमार्गापासून दूरच राहिली. माल बैलगाडीने न्यावा आणि यात्रेकरूंनी पायी जावे, हाच क्रम. मोठ्या मापाचा रूळ टाकावा तर खर्च परवडत नाही आणि लहान मापाचा टाकावा तर माल पुरेसा वाहून नेता येत नाही, असा तो पेच होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तो सोडविला. अडीच फूट रुंदीच्या मार्गावर धावणारे इंजिन आणि डबे यांचे वजन प्रत्येक आसावर सारखे, म्हणजे पाच टनांपर्यंतच पडेल अशी रचना त्याने केली. वजन असे वाटले गेल्यामुळे दर वारी अवघा तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. रूळ हलका म्हणून खर्च कमी, खर्च कमी म्हणून भांडवल उभे करणे शक्य. कंपनी त्यानेच काढली आणि १८९७ साली गाडी सुरू केली. पुढे १९०६ साली हा मार्ग पंढरपुरास गेला आणि वारकऱ्यांच्या गर्दीने गाडी भरून वाहू लागली. आसावरचे वजन हा तंत्राचा प्रश्न की भांडवलाचा, असे कॅलथ्रॉपला कोणी विचारले असते तर त्याला तो प्रश्नच कळला नसता. त्याच्या लेखी दोन्ही एकच होते.

दुसरा दाखला आमच्याच गावचा. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. महाविद्यालयात ते गेले, पण पदवी हाती न घेताच परतले. घरच्या पेढीवर त्यांचे मन रमेना. पुढे लक्ष्मणराव फाटक या गृहस्थांशी त्यांनी भागी केली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते; रेल्वेची कामे कशी चालतात हे त्यांना ठाऊक होते, आणि भांडवल व पत वालचंदांपाशी होती. या जोडीने प्रथम हाती घेतलेल्या कामांत वर सांगितलेल्या बार्शी लाइट रेल्वेचेही काम होते. एकाची माहिती आणि दुसऱ्याची पुंजी यांची गाठ पडली आणि त्यातून ठेकेदारीचा मोठा व्याप उभा राहिला.

त्यापुढची हकिगत सर्वश्रुत आहे. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज देशभर सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९२६ साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी निघाली. काँक्रीटचा नळ साचा फिरवून घडविण्याची युक्ती वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियातील कारागिराची. पण शहरोशहरी पाणीपुरवठ्याच्या योजना होणार आणि त्यांना नळ लागणार, हे हेरण्याची दृष्टी व्यापाऱ्याची. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरास विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी, १९४४ मध्ये मोटारींची कंपनी असा हा क्रम आहे. वालचंद अभियंते नव्हते. तथापि अभियंत्याला नेमके काय विचारावयाचे हे त्यांना कळत होते, आणि हेच त्यांचे खरे शिक्षण होते. १९४७ साली सांगलीस स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले, आणि सोलापुरातील महाविद्यालयांनीही ते धारण केले. पदवी न घेतलेल्या माणसाचे नाव पदव्या देणाऱ्या संस्थांवर असावे, यात नुसता विनोद नाही, बोधही आहे.

आता दुसरी बाजू पाहू. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिचे प्रवर्तक मुंबईचे मोरारजी गोकुळदास. गाव पुढे तिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मागाहून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या आणि भोंग्यावर उठणारे, भोंग्यावर जेवणारे एक नवे सोलापूर जन्मास आले. या गिरणीधंद्याची घडण मात्र आरंभापासून दुभंगलेली होती. मुंबईच्या आरंभीच्या गिरण्यांत यंत्राची सूत्रे लँकेशायरहून आणलेल्या मास्तरांच्या हाती असत, आणि पैशाची सूत्रे मॅनेजिंग एजंट नावाच्या पेढीच्या हाती. तेथे एजंटाची दलाली पुष्कळदा निघालेल्या सुताच्या वजनावर, पौंडामागे पाव आणा अशी ठरत असे. मग गिरणीला नफा होवो वा तोटा. सूत जितके जास्त निघेल तितकी पेढीची प्राप्ती जास्त, मग ते सूत बाजारात कोणत्या भावाने जाते याची फिकीर कोणी करावी? पुढे ही रीत मागे पडली आणि दलाली नफ्यावर आली. परंतु एजन्सीची पद्धत कायद्याने बंद होण्यास १९७० साल उजाडावे लागले.

शिक्षणानेही हीच फारकत गिरवली. १८८७ साली मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था निघाली. तेथे माग आणि यंत्र शिकवीत. १९१३ साली त्याच शहरात सिडनॅम महाविद्यालय निघाले. तेथे जमाखर्च, बँका आणि व्यापार शिकवीत. दोन्ही संस्थांनी उत्तम माणसे दिली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण एकातून निघालेल्यास चोपडी वाचता येत नसे आणि दुसऱ्यातून निघालेल्यास माग. गिरण्या बुडाल्या त्या केवळ एवढ्यामुळे, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. यंत्रमागांची स्पर्धा, सरकारी धोरणे, मालक-कामगारांतील तंटे अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. तरीही जुनी झालेली यंत्रे कधी बदलावीत हा प्रश्न मास्तराचा की मालकाचा, याचा निकाल वेळेवर न लागणे हे दुखणे देशातील कितीतरी गिरण्यांना भोवले. आमच्या गावचे भोंगे एकामागून एक थांबले आणि हजारो घरांची चूल त्यांच्याबरोबर मंदावली, ही गोष्ट सोलापूरकर विसरू शकत नाही.

मात्र गिरण्यांच्या सावलीतच आणखी एक सोलापूर वाढत होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी येथे हातमाग मांडले आणि पुढे यंत्रमाग चालविले. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जेकार्डने उठते, त्याची युक्ती फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जेकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोके पाडलेली असतात. भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच अक्षरांत सारी फुले-वेली लिहिलेल्या असतात. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पट्टी घेण्याचे योजिले होते. म्हणजे आज ज्याला संगणकाचे तंत्र म्हणून मुले शिकावयास जातात, त्याचा पूर्वज पूर्व भागातल्या कारखान्यांत खडखडत होता.

या घरांत चोपडी आणि माग यांची फारकत नव्हती. सुताचा भाव चढला तर वजन किती ठेवावे, कोणता रंग पक्का बसतो, कोणती नक्षी कोणत्या पेठेत खपते, हा सर्व विचार एकच माणूस जेवता जेवता करी. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे श्रेय या घरगुती विद्यापीठाला आहे. त्याला पदवी नव्हती. आणि तीच त्याची उणीवही होती. बापाने मुलास शिकविले ते वहीत उतरले नाही. शेजारच्यास ते मिळाले नाही. मूल शिकून बाहेर पडले की ती विद्या घरातच संपली.

आता सांप्रतच्या पदव्यांकडे वळू. सोलापुरात १९४० साली दयानंद महाविद्यालय निघाले, १९८३ साली वालचंद तंत्रशिक्षण संस्था निघाली आणि २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. २०२४-२५ पासून बीबीए आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. व्यवस्थापन आणि संगणक हे पदवीच्या पायरीवरच तंत्रशिक्षणाच्या एका छताखाली आले, ही घटना लहान नाही.

यावर आक्षेप असा की दोन्ही शिकवू जाता विद्यार्थी ना धड अभियंता होईल, ना धड हिशेबनीस. आक्षेप खोटा नाही. दोन पुस्तकांची अर्धी अर्धी पाने एकत्र शिवली म्हणून तिसरे पुस्तक होत नाही. परंतु कॅलथ्रॉपने दोन विषय अर्धे अर्धे घेतले नव्हते. त्याने एक प्रश्न पुरा घेतला होता आणि तो सुटण्यास जे लागले ते सर्व शिकला होता. आमच्या मते या पदवीची कसोटी हीच. एक चादर घ्यावी. तिचे सूत, रंग, वीज, मजुरी, नक्षीचा खर्च मांडावा; ती विकली का जात नाही हे बाजारात उभे राहून पाहावे; आणि मागात कोणता फेर केला असता ती विकली जाईल, हे मागापाशी बसून ठरवावे. तीन वर्षांत एवढे ज्यास साधले त्याची पदवी खरी.

सोलापूरची मुले शिकून पुण्यास आणि हैदराबादेस जातात. त्यांना अडविणे योग्य नाही, शक्यही नाही. परंतु चोपडी आणि माग दोन्ही वाचणारी थोडी मुले जरी येथे राहिली, तरी गिरण्यांच्या काळी आम्ही जे गमावले त्यातले काही परत मिळविता येईल. वालचंदांना ते पदवीवाचून साधले. सर्वांनाच वालचंद होता येत नाही, म्हणून तर शाळा-महाविद्यालये काढावी लागतात.