गल्लीचा इतिहास पोथीत सापडतो

आज आपण रिद्धपूरला जातोय. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. मराठी भाषा विद्यापीठामुळे हे नाव तुमच्या कानावर पडलं असेलच. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: साडेसातशे वर्षांपूर्वी इथल्या गल्लीत उभं राहिलं, तर काय दिसलं असतं?

राजाचं दान ताम्रपटात सापडतं. धान्य कांडणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवणार? रिद्धपूरला ती ठेवली गेली, कारण इथे गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना ‘राऊळ’ म्हणत, काही जण तर वेडेच समजत. ते कुणाच्याही घरात शिरायचे, खायला मागायचे, पोरांसारखे खेळायचे. त्यांच्या मागोमाग आपणही घराघरात जातो. तहानलेल्या मातंगांना त्यांनी विहिरीची जागा दाखवली, अशी एक लीळा आहे. त्या एका प्रसंगातून गावात पाणी कुणाला मिळत होतं आणि कुणाला नाही, ते कळतं. सुमारे १२७८ मध्ये म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं तेही इथेच. बघणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून, विचारून. म्हणजे आपल्या भाषेत मुलाखती घेऊनच की!

पण या पोथ्या पुढे सांकेतिक लिपीत गेल्या. सकळ लिपीत अक्षरांची अदलाबदल असते, किल्ली नसेल तर सगळं कुलूपबंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी ती उलगडली आणि अभ्यासकांना वाट मिळाली.

त्या वाटेने सगळ्यात लांब गेले ते वि. भि. कोलते. जन्म १९०८, बुलढाणा जिल्ह्यातलं नरवेल. पेशाने मराठीचे प्राध्यापक, १९६६ ते १९७२ नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू. इतिहासकार अशी पाटी त्यांच्या दारावर नव्हती, पण माझ्या मते काम त्याच जातीचं. त्यांनी संपादित केलेली ‘स्थानपोथी’ उघडा. चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले, त्या जागा त्यात आहेत: देऊळ गावाच्या कोणत्या बाजूला, दार कोणत्या दिशेला. गूगल मॅप्स नव्हतं तेव्हाचं लोकेशनच म्हणा! जुन्या गावांची मांडणी शोधणाऱ्याला याहून काय हवं? शिवाय ताम्रपट-शिलालेखही ते स्वतः वाचत, त्यामुळे पोथीतली माहिती दगडावरच्या अक्षरांशी ताडून बघता येई.

१९७८ मध्ये त्यांचं लीळाचरित्र आलं, आणि वाद पेटला. काही लीळांवर पंथातल्या मंडळींनी आक्षेप घेतला. मला दोन्ही बाजू कळतात. ज्यांच्यासाठी ही देवाची आठवण आहे, त्यांना पाठभेदांची चिरफाड बोचणारच. पण म्हाइंभटांनंतरच्या परंपरेने वेगवेगळ्या लोकांचे पाठ नावानिशी जपले होते. कोलत्यांनी तेच छापून आपल्यासमोर ठेवलं.

अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत नेलं, १९८४ मध्ये. त्यामुळे आज रिद्धपूरच्या त्या विहिरीची गोष्ट मराठी न येणारा विद्यार्थीही वाचू शकतो. आपल्यातल्या किती जणांनी वाचलीय, ते कमेंटमध्ये सांगा.