मत्स्यखाद्यातील यीस्ट : फिशमीलला अंशतः पर्याय

नवी दिल्ली : मत्स्यशेतीच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो आणि खाद्यातील महाग घटक म्हणजे प्रथिने. त्यांचा प्रमुख स्रोत असलेले फिशमील, म्हणजे मासळीची भुकटी, समुद्रातील लहान माशांवर अवलंबून आहे. एल निनोमुळे पेरूने २०२३ मध्ये अँचोव्ही मासेमारीचा पहिला हंगाम रद्द केला, तेव्हा जगभर फिशमीलचे दर वाढले.

यीस्ट (किण्व) हा त्यावरील एक पर्याय आहे. बिअरनिर्मितीत आणि मळीपासून इथेनॉल तयार करताना ते उपउत्पादन म्हणून मिळते. फिशमीलमध्ये साधारणतः ६० ते ७० टक्के प्रथिने असतात, तर वाळवलेल्या यीस्टमध्ये ४० ते ५५ टक्के. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकन माशांच्या रोगप्रतिकारशक्तीला चालना देते.

मात्र ही जाड भित्तिका पचनास अडथळा ठरते आणि मेथिओनिन हे अमिनो आम्लही यीस्टमध्ये कमी असते. त्यामुळे पेशी फोडून व मेथिओनिन मिसळून यीस्टचा अंशतः वापर करणे श्रेयस्कर ठरते.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील रोहतक जिल्ह्यात भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर कोळंबीसंवर्धन केले जाते. मुंबईस्थित केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेचे केंद्र तेथील लाहली येथे आहे. समुद्रापासून दूर असलेल्या अशा भागांत स्थानिक प्रथिनस्रोत मोलाचा ठरू शकतो. तथापि, ओले यीस्ट लवकर नासते. ते वाळवण्याचा खर्च किती येतो, यावरच शेतकऱ्याची बचत अवलंबून राहील.